‘ताई, पंप मारावा लागत नाही!’

ती. दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र खुलं लिहिते आहे, कारण बंद पाकिटावर घालायला तुमचा पत्ता माझ्याकडे नाही आणि पैसे खात्यात जमा झाल्या दिवसापासून तुमचा फोन ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर तुम्हाला सगळे नुसतं ‘दादा’ म्हणतात, मीही तेवढ्यावरच थांबते.

तब्येत ठीक असेल अशी आशा. माझीही ठीक आहे. उजवा हात डोक्याच्या वर जात नाही, म्हणून तिखटमिठाचे डबे खालच्या फळीवर आणले आहेत, एवढंच.

फेब्रुवारीतली ती दुपार तुम्हाला आठवत नसेल. मला आठवते. काइटसर्फिंग शिकून मला जेमतेम एक हंगाम झाला होता. शिकवणाऱ्यांकडून भाड्याने घेतलेला १२ मीटरचा पतंग वाळूवर पसरून मी पंप मारत होते. पुढची नळी अर्धी फुगली होती. तुम्ही शहाळं पीत उभे होतात. दोन मिनिटं माझ्याकडे बघितलंत, चुकचुकलात आणि म्हणालात, “ताई, हे कष्ट कशाला? फॉइल घ्या. पंप मारावा लागत नाही. पिशवीतून काढला की उडाला. ऑलिम्पिकमध्ये सगळे हेच वापरतात.”

दादा, तुमच्या हुशारीला माझा दंडवत. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं बोलून टोपी घालणारे गल्लोगल्ली सापडतात; खरं बोलून घालायला हात बसलेला असावा लागतो. आठवड्याच्या आत तुमचा ‘फक्त दोनच हंगाम वापरलेला’ १५ मीटरचा फॉइल माझ्या गाडीच्या डिकीत होता आणि माझे पंचाण्णव हजार तुमच्याकडे.

आता पंपापासून सुरुवात करू. दया तिथूनच आली होती ना तुम्हाला?

मी येवल्याची. आमच्या तालुक्यात पाणी नळाला कमी आणि भाषणात जास्त. उन्हाळ्यात हापसा मारून हंडे भरायचे हे घरातल्या मुलींचं काम. तोंडातून दोन थेंब पडायच्या आधी हापसा पन्नास दांडे मागायचा. १२ मीटरच्या पतंगात सात-आठ पीएसआय हवा भरायला मोजून चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात आमच्या हापशाखाली कळशीचं बूडही धड ओलं होत नसे. तुमच्या डोळ्यांना जे कष्ट दिसले, तो माझा दुपारचा विसावा होता. पण तुम्हाला विचारायचं सुचलं नाही. शेजारी तो गोरा पोरगा घामाघूम होऊन पंप मारत होता, त्याला तुम्ही ‘दादा, फॉइल घ्या’ म्हणाला नाहीत, हेही माझ्या लक्षात आहे.

येवल्यातली संक्रांत तुम्ही पाहिली नसणार. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असतं. भाऊ पतंग उडवायचा, माझ्या हातात आसारी. ‘ढील दे’ म्हटलं की सोडायची, ‘लपेट’ म्हटलं की गुंडाळायची. मोठेपणी बाईमाणसाच्या हातात अख्खा पतंग आला, तोही माणसाला पाण्यावरून ओढून नेणारा, तर तिथेही एक दादा हजरच.

मग ऑलिम्पिक. तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ दाखवलात. पॅरिस २०२४, शर्यती मार्सेयच्या समुद्रात. ऑस्ट्रियाचा वालेंटिन बोंटुस आणि ब्रिटनची एली ऑल्ड्रिज यांना सुवर्ण. सिंगापूरचा मॅक्स मेडर १७ वर्षांचा, आपल्या देशाच्या राष्ट्रीय दिनालाच कांस्य घेऊन बसला. सगळ्यांच्या डोक्यावर फॉइल काइट, अगदी खरं. मी तो व्हिडिओ त्या रात्री चारदा पाहिला आणि चारदा फक्त वर पाहिलं. खाली पाहिलं असतं तर कळलं असतं, की त्यांच्या पायाखालच्या फळीलाही पाण्यात बुडालेला एक पंख असतो. तो हायड्रोफॉइल. बोलताना त्यालाही ‘फॉइल’च म्हणतात, आणि तुमच्यासारख्या माणसाला शब्दांची एवढी गल्लत पुरे होते. (घरी ‘फॉइल घेतलं’ म्हणाले तर नवऱ्याला वाटलं पोळ्या गुंडाळायचं. किंमत ऐकल्यावर तो म्हणाला, मग पोळ्या कोण करणार आहे?)

त्या पंखावर फळी पाण्याबाहेर उचलली जाते, घर्षण जवळजवळ संपतं, जरा ओढलं तरी स्वार पळतो. आणि पळतो म्हणून त्याच्या पतंगाला वाऱ्यापेक्षा जास्त वारा लागतो. वारा मंदावला तरी त्याचा स्वतःचा वेग पतंगाला वर धरून ठेवतो. माझ्या पायाखाली साधी सपाट फळी. वारा पडला की मी बुडणार आणि मी बुडले की पतंग पडणार. ऑलिम्पिकच्या जोडीतलं अर्धंच मला विकलंत तुम्ही, तेही पडणारं अर्धं. शिवाय मार्सेयला पाण्यात सुरक्षेच्या बोटी फिरत असतात. मोरजीला माझ्या मागे एक कुत्रा असतो, तोही बिस्किटं संपेपर्यंतच.

आणि एक. त्याच मार्सेयला वारा नव्हता म्हणून शर्यती खोळंबल्या होत्या. व्हिडिओत ते नव्हतं.

आता राहिलं ‘पिशवीतून काढला की उडाला’. हे वाक्य मला फार आवडतं, कारण त्यात पतंगाचं अर्धंच चरित्र आहे. येवल्यातलं शेंबडं पोरही सांगेल की पतंग आधी उडतो आणि मग पडतो. पडल्यावर काय, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी, येवल्याची असून, विचारलं नाही. ही चूक माझी, पदरात घेते.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रूनो आणि डोमिनिक लेगेन्यू या दोन भावांनी मात्र नेमकं हेच विचारलं होतं. पाण्यावर पडलेला पतंग पुन्हा उडवायचा कसा? कापड भिजतं, पाण्याला चिकटतं, संपलं. म्हणून त्यांनी पतंगाच्या पुढच्या कडेला आणि फासळ्यांना हवेच्या नळ्या दिल्या आणि १९८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ज्या नळीत हवा भरताना पाहून तुम्ही चुकचुकलात, ती नुसती पतंग उडावा म्हणून नाही. ती पडल्यावर तरंगावा म्हणूनही आहे. नाक पाण्यात खुपसून तो बदकासारखा डुलत राहतो. मागची एक दोरी ओढून धरली की कडेवर लोळतो, वारा पकडतो आणि उठतो.

फॉइलचं घराणं वेगळं. डॉमिना जॅल्बर्ट नावाच्या पतंग-फुगे बनवणाऱ्या माणसाने १९६४ च्या सुमारास फ्लोरिडात कापडाच्या दोन थरांमध्ये कप्पे शिवले आणि वाऱ्यानेच ते फुगवले. पुढे चौकोनी पॅराशूट आणि पॅराग्लायडर त्याच वंशात झाले. कामशेतच्या टेकडीवरून उडतात ते पॅराग्लायडर म्हणजे तुमच्या फॉइलचे थोरले चुलत भाऊ, आणि तुमचा सगळा अनुभव कामशेतचा, हे मला नंतर समजलं. कामशेतला खाली गवत असतं, दादा.

मे महिन्यातला तो शनिवार. दुपारी अडीचला १२ नॉट वारा, वायव्येचा, नेहमीचा. तासभर मी मजेत होते. चारच्या पुढे डोंगराकडून ढग आले आणि वारा कुणी बटण दाबावं तसा गेला. फॉइलने आधी पुढचं नाक दुमडलं, मग मधोमध घडी घातली आणि लाटा फुटतात त्या पट्ट्यात, नेमका तिथे, अंग टाकलं. एक टोक कण्णीतून आरपार गेलं. तुमच्या पतंगाची कण्णी म्हणजे आमच्या पतंगासारखी दोन गाठींची नव्हे. करंगळीच्या नखाएवढ्या जाडीच्याही नसलेल्या डझनावारी दोऱ्यांचं झुंबर. पहिल्या लाटेत ते झुंबर गुंतलं. दुसऱ्या लाटेत वाऱ्यासाठी ठेवलेल्या तोंडांमधून पाणी शिरलं. ही तोंडं हवा आत घेतात आणि बाहेर सोडत नाहीत, ही त्या शिलाईची करामत. पाण्याच्या बाबतीतही ती तितक्याच इमानदारीने वागतात. तिसऱ्या लाटेनंतर माझ्याकडे पतंग नव्हता, १५ चौरस मीटरची पखाल होती.

माझ्यापासून शंभर पावलांवर एका पोरगेल्या माणसाचा नळ्यांचा, म्हणजे ट्यूबवाला पतंगही त्याच वेळी पडला होता. एवढ्या मेलेल्या वाऱ्यात तोही उठेना. पण त्याने दोऱ्या हातातल्या बारवर गुंडाळल्या, पतंगापर्यंत पोहला, त्याच्यावर ओणवा झाला, एक टोक हातात धरून त्याचं शीड केलं आणि उरल्यासुरल्या झुळकीवर किनाऱ्याला लागला. जणू पालखीतून उतरला. मी तेव्हा गळ्याएवढ्या पाण्यात होते, कंबरेच्या हुकाला लावलेली सगळी दोरखंडं सोडून फक्त सुरक्षेची एक दोरी धरून, आणि परतीची लाट तुमची पखाल आत नेत होती. खांदा तिथे गेला.

त्या बाजूला रापण ओढणारे लोक जाळी आवरत होते. त्यांना काही सांगावं लागलं नाही. चौघं कमरेएवढ्या पाण्यात आले, दोन्ही टोकं धरली आणि ‘हैया’ करत फॉइल वाळूवर ओढला. कप्प्याकप्प्यांतून पाणी वाहत होतं, एका कप्प्यात दोन तारल्या उडत होत्या. त्यांच्यातला वयस्कर, ओला पंचा पिळत, माझ्याकडे पाहून म्हणाला, “नुस्तें मेळ्ळें गो?” म्हणजे, मासळी मिळाली का?

दादा, पंचाण्णव हजारांत मी रापण विकत घेतली आणि त्यात दोन तारल्या गावल्या. हिशेब तुमच्या माहितीसाठी.

पुढचं काम टोकाची चेन उघडून पाणी आणि वाळू झाडायचं. अर्ध्या तासात ते झालं म्हणेपर्यंत वाळू निघत राहिली, अजून निघते. मग ते झुंबर. पुण्यात आमच्या गच्चीवर सतरंज्या टाकून मी पहिल्या संध्याकाळी सोडवायला बसले आणि गुंता वाढवून उठले. दुसऱ्या संध्याकाळी आई बसली. आईचं आयुष्य येवल्यात पैठणीच्या रेशमात गेलं. तिथेही आसारीच असते, फक्त तिच्यावर मांज्याऐवजी रेशीम चढतं. तिने चष्मा काढून ठेवला, डोळ्यांनी बघणं जवळजवळ बंद केलं आणि बोटांनी एकेक दोरी हलकेच हलवून ती कुठून येते ते विचारत बसली. ओढायची नाही, नुसती हलवायची. “ओढलं की गाठ खूश होते,” असं ती पुटपुटली. तिसऱ्या संध्याकाळी दिवेलागणीला शेवटचं टोक फासातून बाहेर आलं. तीन संध्याकाळी, दादा, पंपाची पाच मिनिटं वाचावीत म्हणून. सोडवून झाल्यावर आईने कापड चिमटीत धरून पाहिलं, शिलाई पाहिली आणि म्हणाली, “माल चांगला आहे गं. तुला कुणी विकला?”

माल चांगला आहे, हे मलाही कबूल करायचंय, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसती आदळआपट होईल. मार्चमधली एक संध्याकाळ होती. वारा आठ नॉटच्या आसपास, किनाऱ्यावरचे सगळे ट्यूबवाले पतंग वाळूवर उताणे, नाकावर वाळूची पोतडी घेऊन, पाण्याबाहेर काढलेल्या म्हशींसारखे पडलेले. मालक लोक चहा पीत वाऱ्याला शिव्या देत होते. मी फॉइल वाळूवर पसरला, हातात बार धरून दोन पावलं मागे सरले. आधी मधला कप्पा फुगला, मग शेजारचे, कुणी झोपेतून उठताना छाती भरून घ्यावी तसा सावकाश, आवाज न करता तो उभा राहिला आणि वर गेला. धरायला कुणी लागलं नाही, ‘जरा पतंग धरता का’ म्हणून कुणा परक्या पुरुषाची विनवणी करावी लागली नाही. उतरवतानाही नाही. जाड नळीचा अडथळा नसल्याने तो वाऱ्यात खूप पुढे सरकतो, ओढ लांब आणि मऊ असते. भरती लागली होती, पाणी काचेसारखं, आणि त्या अख्ख्या किनाऱ्यावर मी एकटी पाण्यावर होते. पाऊण तास. घरी गेल्यावर भावाला फोन केला, काही न सांगता ठेवला.

म्हणून माझं भांडण पतंगाशी नाही. सपाट, उथळ पाणी असेल, वारा एकसारखा असेल, मागे बोट असेल, तर फॉइल घ्यावाच. रामेश्वरमला आत वळलेल्या शांत पाण्यात तो शोभेल. बर्फावर तर राजा. तिथे पडला तर झटकून उचलायचा. केप टाउनच्या सुसाट वाऱ्यात वीस-वीस मीटर उंच उड्या मारणारे बहुतेक सगळे ट्यूबवाले पतंग वापरतात, कारण तिथे पतंग झटक्यात वळावा लागतो, आपटला तरी टिकावा लागतो. दोन्ही गटांत येडे कुणीच नाहीत. आपला पतंग कुठे पडणार आहे, हे त्यांना माहीत असतं.

तुम्ही मला एवढंच विचारायचं होतं: ताई, किती वेळा पडता? मी म्हटलं असतं, दर दहा मिनिटांनी. कुठे? लाटा फुटतात तिथेच, त्यापलीकडे जायचा अजून धीर होत नाही. मग तुम्हीच, थोडी जरी लाज असती तर, शहाळं खाली ठेवून म्हणाला असता, की पंप चालू ठेवा. पण तुम्ही माझे दंड पाहिलेत आणि निर्णय दिलात.

आता माझ्याकडे १२ मीटरचा ट्यूबवाला पतंग आहे, जुना, तीन फासळ्यांचा. एका फासळीला ठिगळ आहे. ऑक्टोबरपासून मी पुन्हा मोरजीला असेन, शनिवार-रविवार, दुपारी अडीचला. खांद्याचे डॉक्टर म्हणतात, सहा महिने पंप मारायचा नाही. तेव्हा या. पंप मी घेऊन येते, मारायचा तुम्ही. शहाळं मी पिईन.

आपली,
ताई

ता. क. : फॉइल विकायला काढला आहे. जाहिरात अशी देणार आहे : ‘१५ मीटर, तीन हंगाम वापरलेला, एकदा समुद्रात पूर्ण भरलेला. कापड आणि शिलाई शाबूत, कण्णी नुकतीच सोडवलेली. आत थोडी वाळू. लाटांच्या किनाऱ्यावर शिकणाऱ्यांनी फोन करू नये. किंमत साठ हजार.’ पंपाचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे.